पलटणीचे डोळे आणि डॉक्टरांची शाळा

पावसाळा सुरू झाला की शाळेत डोळ्यांची साथ येते. आज एक मूल लाल, चिकटलेले डोळे घेऊन वर्गात बसते आणि आठवडाभरात अर्धे बाक रिकामे होतात. अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर येते, "त्याच्या डोळ्यांकडे बघू नकोस, तुझेही येतील." नजरेने डोळे येत नाहीत, हात, रुमाल आणि टॉवेल यांतून ती लागण होते, हे आपण मुलांना सांगतो. पण हे प्रथम ओळखले कोणी? हा प्रश्न धरून मागे गेले तर आपण एखाद्या विद्यापीठात नव्हे, तर एका लष्करी छावणीत जाऊन पोहोचतो. आणि तिथून आणखी एका प्रश्नाची वाट सुरू होते. डोळ्यांचा डॉक्टर घडतो कसा?

आज याचे उत्तर सरळ वाटते. एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षे रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करायचे, त्यानंतर हवे तर नेत्रपटल किंवा बुबुळ अशा एखाद्या भागाचे आणखी प्रशिक्षण घ्यायचे. लष्करातल्या डॉक्टरांचा मार्गही साधारण हाच आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी 'डोळ्यांचा डॉक्टर' ही गोष्टच युरोपात फारशी प्रतिष्ठित नव्हती. गावोगाव फिरून सुईने मोतीबिंदू पाडणारे लोक होते, आपल्याकडच्या वैदूंसारखेच. शस्त्रक्रिया झाली की ते पुढच्या गावाला जात, त्यामुळे त्या डोळ्याचे पुढे काय झाले हे त्यांना कधी कळतच नसे.

इ. स. १७९८ मध्ये नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये उतरली. थोड्याच काळात हजारो सैनिकांचे डोळे सुजले, त्यांतून पू वाहू लागला आणि कित्येकांची दृष्टी गेली. फौजेचा प्रमुख शल्यवैद्य दोमिनिक लारे हा मोठा कर्तबगार माणूस होता. पण त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारणे शोधली ती प्रखर ऊन, उडणारी वाळू आणि रात्रीचा गार दमट वारा अशी. परक्या देशात आजार झाला की दोष त्या देशाच्या हवेला देण्याची ती रीतच होती.

१८०१ मध्ये फ्रेंचांना हुसकावण्यासाठी इंग्रज फौजा इजिप्तमध्ये आल्या. त्यांतली एक फौज हिंदुस्थानातून गेली होती. जनरल बेअर्डच्या हाताखालची ही फौज तांबड्या समुद्रावरच्या कोसेर बंदरात उतरली आणि वाळवंट तुडवत नाईल नदीपर्यंत गेली. तिच्यात मुंबई फौजेचे देशी शिपाईही होते. तिच्या वैद्यकीय व्यवस्थेचा प्रमुख जेम्स मॅकग्रिगर याने या मोहिमेतील आजारांवर १८०४ मध्ये पुस्तक लिहिले. हाच मॅकग्रिगर पुढे संपूर्ण ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख झाला.

युद्ध संपले, पलटणी मायदेशी परतल्या. आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. जिथे वाळू नाही, कडक ऊन नाही, अशा इंग्लंडमधल्या छावण्यांत तोच आजार पसरू लागला. ५२ व्या पलटणीची दुसरी तुकडी इजिप्तच्या लढाया संपल्यानंतर उभी राहिलेली होती. तिच्यात सातशेहून थोडे अधिक सैनिक होते. ऑगस्ट १८०५ ते ऑगस्ट १८०६ या एका वर्षात डोळ्यांच्या आजारासाठी ६३६ वेळा सैनिकांना रुग्णालयात दाखल करावे लागले (काहींना पुन्हा पुन्हा). पन्नास सैनिकांचे दोन्ही डोळे गेले आणि चाळीस जणांचा एकेक. म्हणजे आठातल्या एकाने एकही गोळी न झेलता निदान एक डोळा गमावला.

हे आकडे आपल्याला मिळतात ते जॉन व्हेच या लष्करातल्या तरुण साहाय्यक शल्यवैद्याच्या १८०७ सालच्या पुस्तकातून. व्हेचने ठामपणे मांडले की हा आजार हवेतून येत नाही, आजारी डोळ्यातला स्राव निरोगी डोळ्याला प्रत्यक्ष लागला की तो होतो. आज हे वाचताना त्यात काय विशेष, असे वाटेल. पण त्या वेळी जंतूंमुळे रोग होतो ही कल्पना रुजलेली नव्हती. पाश्चरचा जन्म व्हायला अजून पंधरा वर्षे होती.

त्याच्याहून विद्वान माणसांना जे दिसले नाही ते व्हेचला कसे दिसले? मला वाटते, त्याचे कारण त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या कामाच्या जागेत आहे. पलटणीचा डॉक्टर पलटणीबरोबर राहतो. कोणता शिपाई कोणाशेजारी झोपतो, किती जण एकाच भांड्यातल्या पाण्यात तोंड धुतात, कोणाचे डोळे आधी आले आणि कोणाचे नंतर, हे सगळे त्याच्यासमोर घडते. रुग्ण निघून जात नाही आणि डॉक्टरही जात नाही. रुग्णाजवळ राहून शिकणे हा पुढे ज्याला आपण 'निवासी' प्रशिक्षण म्हणू लागलो त्याचा गाभा इथे आपोआप जुळून आला होता.

तो आजार नेमका कोणता होता? आजच्या ज्ञानाप्रमाणे तो एक आजार नव्हता. त्यात निदान दोन मिसळलेले होते. एक खुपऱ्या, ज्यात पापणीच्या आतल्या बाजूला दाणे येतात, वर्षानुवर्षे दाह चालू राहतो, पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासून ते पांढरे पडते. दुसरा परम्याच्या जंतूंनी होणारा नेत्रदाह, जो काही दिवसांतच बुबुळ नासवू शकतो. परम्याचा जंतू नायसरने १८७९ मध्ये दाखवला. खुपऱ्यांच्या जंतूच्या खुणा हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांना १९०७ मध्ये जावा बेटावर दिसल्या, आणि तो जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात चीनच्या तांग फेइफान यांना यश आले ते थेट १९५७ मध्ये. साथ ओळखण्यापासून जंतू हाती येईपर्यंत दीडशे वर्षे गेली, पण टॉवेल वेगळे ठेवायला इतके थांबण्याची गरज नव्हती.

अर्थात सगळे थांबले नाहीत असेही नाही. बेल्जियमच्या सैन्यात हीच साथ कित्येक वर्षे ठाण मांडून बसली होती. १८३४ मध्ये बर्लिनचे नामांकित नेत्रवैद्य युंगकेन यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले. त्यांनी सांगितले की आजारी सैनिकांना घरी पाठवून द्या. छावण्या रिकाम्या झाल्या आणि आजार खेड्यापाड्यांत, बायकामुलांपर्यंत पोहोचला. पाहुणा तज्ज्ञ आणि छावणीत राहणारा डॉक्टर यांच्यातला फरक दाखवणारे याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

शाळा सुरू होते

साथीच्या याच काळात, १८०५ मध्ये, लंडनमध्ये जॉन कनिंगहॅम सॉन्डर्स या तरुण शल्यवैद्याने डोळ्यांच्या आणि कानांच्या गरीब रुग्णांसाठी एक दवाखाना उघडला. काही वर्षांतच कानांचे काम बंद झाले आणि फक्त डोळे राहिले. पुढे मूरफील्ड्स या नावाने जगप्रसिद्ध झालेले हेच ते रुग्णालय. सॉन्डर्स १८१० मध्ये ऐन उमेदीत वारला. दुसऱ्याच वर्षी तिथे विद्यार्थ्यांना शिकायला येण्याची मुभा मिळाली. ही घटना लहान दिसते, पण महत्त्वाची आहे. एकाच छताखाली डोळ्यांचे शेकडो रुग्ण, त्यांच्यावर रोज होणारे उपचार आणि बाजूला उभा राहून पाहणारा शिकाऊ डॉक्टर ही मांडणी तोवर इंग्लंडमध्ये नव्हती.

सॉन्डर्सचा एक शिष्य विल्यम ॲडम्स याने मात्र दुसरा मार्ग धरला. लष्करातल्या आंधळ्या झालेल्या निवृत्त सैनिकांना आपण बरे करू शकतो असा दावा करून त्याने सरकारचा आश्रय मिळवला. त्याची पद्धत खरोखर त्याची की गुरूची, आणि तिने किती जण बरे झाले, यावर मोठा वाद पेटला. व्हेचने १८१८ मध्ये त्याच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. व्यक्तिगत हेवेदावे बाजूला ठेवले तर वाद एका तत्त्वाचा होता. डोळ्याची शस्त्रक्रिया हे एखाद्याचे खासगी कसब आहे, की सर्वांसमोर तपासायचे आणि सर्वांना शिकवायचे ज्ञान?

मूरफील्ड्सचे उत्तर तिथल्या विद्यार्थ्यांनी जगभर नेले. तिथे शिकलेल्या दोन अमेरिकी तरुणांनी, डेलाफील्ड आणि रॉजर्स यांनी, १८२० मध्ये न्यूयॉर्कला डोळ्यांचे रुग्णालय काढले. त्याच्या एक वर्ष आधी, १८१९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने मूरफील्ड्समध्ये तयार झालेल्या रिचर्डसन या डॉक्टरला मद्रासला पाठवले आणि तिथे डोळ्यांचे रुग्णालय सुरू झाले. एग्मोरमधले ते रुग्णालय आजही चालू आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते.

जाता जाता एका लष्करी डॉक्टरचे ऋण सांगितले पाहिजे. जर्मनीत हेल्महोल्ट्झला फुकट वैद्यकीय शिक्षण मिळाले ते सैन्यात नोकरी करण्याच्या अटीवर, आणि पॉट्सडॅमच्या छावणीत त्याने ती केलीही. पुढे तो प्राध्यापक झाला. डोळ्याच्या बाहुलीतून परावर्तित होणारा प्रकाश आपल्याला का दिसत नाही, हे विद्यार्थ्यांना वर्गात कसे दाखवावे या विचारात असताना त्याला १८५० मध्ये नेत्रदर्शकाची कल्पना सुचली. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा प्रथमच दिसू लागला. शिकवण्याच्या अडचणीतून शोध लागतो, याचे हे उदाहरण शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावे.

जालंदरचा स्मिथ, मुंबईचा हर्बर्ट

एक अडचण मात्र कायम होती. फौजेला डोळ्यांचे निष्णात शल्यविशारद लागतात ते युद्धात. शांततेच्या काळात तरण्या शिपायांच्या डोळ्यांना होते काय? फार तर थोडा चष्मा. मग हात तयार कसा व्हायचा?

हिंदुस्थानातल्या इंडियन मेडिकल सर्व्हिसने यावर एक तोड काढली होती. या सेवेतले डॉक्टर मुळात लष्करी अधिकारी, कॅप्टन, मेजर, कर्नल असे हुद्दे असलेले. शांततेत त्यांना जिल्ह्यांच्या मुलकी रुग्णालयांत नेमत आणि युद्ध आले की परत बोलावत. या व्यवस्थेतून हेन्री स्मिथ हा आयरिश डॉक्टर पंजाबात आला. जालंदरला आणि नंतर अमृतसरला त्याने मोतीबिंदूच्या इतक्या शस्त्रक्रिया केल्या की त्यांची मोजणी हजारांत होते. भिंग फोडून काढण्याऐवजी ते त्याच्या आवरणासकट, बाहेरून बेताने दाब देऊन अखंड काढायचे, ही त्याची पद्धत. तोंडात चिरूट धरून काम करणाऱ्या या माणसाच्या गोष्टी नेत्रतज्ज्ञांत अजून सांगितल्या जातात. युरोपातल्या तज्ज्ञांनी त्याच्या पद्धतीवर शंका घेतली, पण अमेरिकेतल्या ओहायो, शिकागो अशा ठिकाणांहून डॉक्टर बोटीचा महिन्याभराचा प्रवास करून त्याच्याकडे शिकायला येत. नुसते पाहायला नव्हे, स्वतः शस्त्रक्रिया करायला. आपल्या देशात वर्षभरात मिळाल्या नसत्या इतक्या शस्त्रक्रिया इथे काही आठवड्यांत हातून होत.

इथे जरा थांबावेसे वाटते. ते हात कोणाच्या डोळ्यांवर तयार झाले? पंजाबच्या गरीब शेतकऱ्यांच्या. त्यांतल्या बहुतेकांना दृष्टी परत मिळाली हे खरे, आणि स्मिथ नसता तर ते आंधळेच राहिले असते हेही खरे. पण शिकाऊ हाताने कोणाचा डोळा बिघडला असेल तर त्याने दाद कुठे मागायची? शिवाय पापणी उचलून धरणारे, पट्ट्या बांधणारे, रुग्णांची देखभाल करणारे देशी साहाय्यक होते, त्यांची नावे या गोष्टींत येत नाहीत.

याच सेवेतले हर्बर्ट मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रशल्यशास्त्राचे प्राध्यापक होते. खुपऱ्यांच्या रुग्णांत बुबुळाच्या कडेला बारीक खळगे उरतात, हे त्यांनी नोंदवले. दाणे भरून आल्यावर राहिलेल्या त्या खुणा. 'हर्बर्टचे खळगे' हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही आहे. शंभर वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये फौजांनी ज्याला तोंड दिले त्याच आजाराची ही पक्की खूण मुंबईच्या रुग्णांनी शिकवली. भारतात खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०२४ मध्ये.

वैमानिकांच्या डोळ्यांतले तुकडे

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांच्या चालककक्षावर पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचे झाकण असे. गोळी लागली की त्याचे कण वैमानिकाच्या डोळ्यांत घुसत. मूरफील्ड्सचे हॅरॉल्ड रिडली अशा वैमानिकांवर उपचार करत. हे प्लॅस्टिकचे कण डोळ्यात वर्षानुवर्षे गुमान पडून राहतात, हे त्यांच्या लक्षात आले. लक्षात यायला तेच रुग्ण पुन्हा पुन्हा तपासावे लागले हे उघड आहे. गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर मिळून अठरा शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

युद्धानंतर रिडली एकदा मोतीबिंदू काढत असताना बाजूला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने विचारले की काढलेल्या भिंगाच्या जागी नवे का बसवत नाहीत? प्रश्न भाबडा होता. पण रिडलींच्या मनात वैमानिकांच्या डोळ्यांतले ते कण होते. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग एका बाईच्या डोळ्यात बसवले. ज्येष्ठांनी कडाडून विरोध केला. युद्धकाळात ब्रिटिश लष्कराचे नेत्रसल्लागार असलेले आणि त्या काळचे सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर विरोधकांत होते. आज आपल्या गावातल्या शिबिरात आजीच्या डोळ्यात जे भिंग बसते, ते या कुळातले. रिडलींना 'सर' ही पदवी मिळाली २००० मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

'निवासी डॉक्टर' ही पद्धत आखीव रूपात आली ती अमेरिकेत बाल्टिमोरला. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेड यांनी शिकाऊ शल्यविशारदांना रुग्णालयातच राहायला लावले. जबाबदारी पायरीपायरीने वाढवायची आणि वरच्याने खालच्याला शिकवायचे. पहिल्या महायुद्धात वैमानिकांच्या वैद्यकीय संशोधनाची धुरा वाहिलेले विल्यम विल्मर यांच्या नावाने तिथेच १९२५ मध्ये नेत्रसंस्था निघाली आणि ही शिस्त डोळ्यांच्या शिक्षणातही रुजली.

लष्कराला या शिस्तीची गरज वाढतच गेली. समोरून पाहिले तर शरीराच्या आकारात डोळ्यांचा वाटा जेमतेम पाव टक्का. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमांत डोळ्यांच्या जखमा अर्धा टक्का होत्या, दोन्ही महायुद्धांत दोन टक्क्यांच्या आसपास, व्हिएतनाममध्ये पाच ते नऊ आणि १९९१ च्या आखाती युद्धात सुमारे तेरा. शिरस्त्राण आणि चिलखत यांनी जीव वाचतो, पण चेहरा उघडाच राहतो, आणि आजची शस्त्रे गोळीपेक्षा बारीक कणांचा मारा जास्त करतात. असा कण डोळ्याच्या आतल्या गरापर्यंत गेला तर तो सुखरूप काढण्याची चांगली पद्धत १९७० पर्यंत नव्हती. त्या वर्षी मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी बारीक छिद्रातून आतला गर कापून काढण्याचे तंत्र वापरले. हे तंत्र पुस्तकातून येत नाही. आधी बकऱ्याच्या डोळ्यावर, मग वरिष्ठांच्या नजरेखाली माणसाच्या डोळ्यावर, असे वर्षानुवर्षे करावे लागते. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ झाल्यावरही पुढचे प्रशिक्षण आले.

जुनी अडचण मात्र अजून तीच आहे. शांततेत लष्करी रुग्णालयात मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेले पडदे येतात, फुटलेला डोळा क्वचितच. तो येतो शहरातल्या मुलकी रुग्णालयात, कारखान्यातून, रस्त्यावरच्या अपघातातून, दिवाळीच्या फटाक्यांतून. त्यामुळे बऱ्याच देशांत लष्करी निवासी डॉक्टरांना काही काळ अशा रुग्णालयांत पाठवतात. अमेरिकेत बेथेस्डा इथे तिन्ही दलांच्या शिकाऊ नेत्रतज्ज्ञांसाठी डोळ्यांच्या जखमांचा वेगळा अभ्यासक्रम चालतो. आपल्याकडे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, जे १९४८ मध्ये स्थापन झाले, लष्करातले डॉक्टर नेत्रशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतात. पदवी मिळते ती मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे मुलकीच.

या शिक्षणातला पहिला धडा नेत्रतज्ज्ञांसाठी नसतोच. तो असतो जखमी माणसाजवळ सर्वांत आधी पोहोचणाऱ्या शिपायासाठी, आणि शाळेलाही तो जशाचा तसा लागू पडतो. विटी लागून, फटाका उडून किंवा कर्कटक घुसून डोळा फुटल्याची शंका आली, तर डोळा धुऊ नका, चोळू नका, त्यावर कापसाचा बोळा दाबून पट्टी बांधू नका, आणि काही रुतले असेल तर ते उपसू नका. कागदी पेल्याचा तळाकडचा भाग कापून घ्या. त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल, पण डोळ्याला काहीही स्पर्श करणार नाही, असा तो चिकटपट्टीने बसवा. मुलाला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल, आणि थेट डोळ्यांच्या रुग्णालयात घेऊन जा.